मल्लप्पाचा लाल दोरा

"कॉम्प्युटर विणकराचं नाव मागतंय ते काढून टाक. ट्रक थांबलाय," मालक उदयसिंह म्हणाले. रेश्माने कीबोर्डवरचे हात मांडीवर घेतले.

अक्कलकोट रोडच्या त्या चादरींच्या कारखान्यात लेबलं छापणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, तिनेच लिहिली होती. तिच्यातला एक तुकडा, म्हणजे सबरूटीन, रंग, लांबी, विणकर असे ऑप्शन घ्यायचं आणि त्या चादरीचा ऑब्जेक्ट, म्हणजे सगळी माहिती एकत्र असलेली नोंद, बनवून परत द्यायचं. लेबल त्यावरून छापलं जाई. एखादा ऑप्शन दिला नाही, तर आधीच घालून ठेवलेला शब्द तिथे बसे. विणकराच्या जागी मालकांनी हट्टाने स्वतःचं नाव घालून घेतलं होतं, आणि मुकादम घाईत विणकर भरायचाच नाही.

म्हणून विणकर मल्लप्पाची मोराची चादर प्रदर्शनात पहिली आली ती उदयसिंहांच्या नावावर. सत्काराची शालही त्यांनीच पांघरली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! मल्लप्पा मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होता.

पूर्वी तो मागावरून चादर उतरवली की तिच्या काठाला आपला लाल दोरा बांधायचा. सगळेच विणकर आपापल्या रंगाचा बांधत. लेबलं आली आणि मालकांनी दोरे बंद केले. सत्कारानंतर मल्लप्पा ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला होता.

"दोरा सोडा, नाव लेबलावर येतंय, असं तूच म्हनलीस की पोरी. कुटं हाय?"

रेश्माला त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी येऊन तिने स्क्रिप्टमधून मालकांचं नाव खोडलं. आता विणकर दिला नाही, तर सबरूटीन काहीच परत देत नव्हतं. लेबलं अडली, ट्रक अडला.

"काढनार न्हाय, मालक. नावं द्या, लेबलं घ्या."

"नोकरी कुनाची हाय ही?"

"तुमची. चादर मल्लप्पामामांची हाय."

उद्यापासून यायचं नाही, असं उदयसिंहांनी सांगून टाकलं. ती बरं म्हणाली, पण जागची हलली नाही. बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. शेवटी मुकादमच मागांवर फिरून नावं घेऊन आला, आणि तिने ती एकेक करून भरली.

पहिलं लेबल तिने स्वतः नेऊन मल्लप्पाच्या चादरीला लावलं आणि त्याला वाचून दाखवलं. त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग दारात उभ्या मालकांकडे बघत खिशातून लाल दोरा काढला, काठाला बांधला, आणि उरलेलं टोक दातांनी तोडलं.