हाडासकट किती?

मंगळवारी मंडई अर्धा दिवसच असायची. एकाचा टोला पडला की ठेल्यांवर फळ्या लागायच्या, फरशीवर पाण्याच्या बादल्या ओतल्या जायच्या आणि सगळं गाव जेवून डुलकी काढायचं. वकिलांच्या कचेऱ्या मात्र मंगळवारी पाचपर्यंत उघड्या असत. म्हणूनच त्या दुपारी ग्लेंडा हेस्केथ घरी गेली नाही. वॉल्टर स्कोफील्डच्या मटणाच्या ठेल्यावरचा रक्ताळलेला अंगरखा तिने खुंटीला लावला, हात तीन वेळा धुतले आणि मटण गुंडाळायच्या पांढऱ्या कागदाचा एक ताव फाडून घेतला.

"अख्खा ताव?" वॉल्टर म्हणाला. "कुणाला गुंडाळणार आहेस गं?"

"वकिलांना."

"मग जाड कागद ने, पोरी. गळतात ते."

हसत हसत ती बाहेर पडली. कोटाच्या खिशात दोन पेनीच्या नाण्यांची मूठ खुळखुळत होती.

ग्लेंडाला हवं होतं इंकरमन स्ट्रीटवरचं चौदा नंबरचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, मागे अंगण आणि अंगणात कोळशाची खोली. लग्न झाल्यापासून तीन वर्षं ती आणि रॉय सासूच्या घरी मागच्या खोलीत राहत होते. पलंग भिंतीला लावला की कपाटाचं दार उघडत नसे. रात्री खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायचं. सासूला नेमकं काय म्हणून हाक मारायची, हेही तीन वर्षांत ठरलं नव्हतं. आई म्हणायला जीभ वळेना आणि मिसेस हेस्केथ म्हणावं तर ती स्वतःही तीच. त्यामुळे "अहो, ऐकलंत का" एवढ्यावर भागवावं लागे.

घराची किंमत साडेसहा हजार पौंड. पतसंस्था दहातला एक भाग सोडून बाकी कर्ज द्यायला तयार होती. दोघांच्या शिलकीतून ते साडेसहाशे भरले की हातात बरोबर दीडशे उरत होते. त्या दीडशेत वकिलाचं काम बसवायचं होतं. पतसंस्थेच्या साहेबाने बजावलं होतं, "शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वकिलाचं नाव कळवा. घरासाठी दुसरं एक जोडपं थांबलंय."

वकिलाचं नाव सासूने केव्हाच ठरवून टाकलं होतं.

"मिस्टर एन्टविसल," रविवारी भाजलेल्या मटणावर पुदिन्याची चटणी वाढत ती म्हणाली होती. "दुसरीकडे जायचा प्रश्नच नाही. तीस वर्षं त्यांची कचेरी झाडलीय मी. त्यांच्या दाराची पायरी रोज दगडाने घासून मीच पांढरी ठेवायचे."

"पण ते घेतात किती?" ग्लेंडाने विचारलं.

सासूने चटणीचा चमचा खाली ठेवला. "असं विचारतात होय कुणी? ते काय बटाटे विकतात?"

"आई, फ्रँकचं बिल दोनशे बारा आलं होतं," रॉय ताटात बघत पुटपुटला. फ्रँक त्याचा मावसभाऊ. "काम संपल्यावर कळलं त्याला."

"फ्रँकच्या घराला मोठी बाग आहे."

"बागेची काय कागदपत्रं असतात का, आई?"

"तू जेव," सासू म्हणाली. विषय तिथे मिटला. निदान तिच्या बाजूने तरी.

त्या काळी ते खरंही होतं. वकिलाला आधी दर विचारणं म्हणजे चर्चमध्ये जाऊन पाद्रीबुवांना मयताचा भाव विचारण्यासारखं. वकील काम करायचा, मग बिल धाडायचा आणि माणसं ते मुकाट भरायची.

कोपऱ्यावरच्या टेलिफोनच्या लाल डब्यात शिरून ग्लेंडाने कागद भिंतीला टेकवला, पेन्सिलीने रेघा मारून वकिलांची नावं लिहिली आणि पहिला नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला, पैसे मागणारं पिप पिप झालं, तिने नाणं ढकललं.

"घर घेतोय आम्ही. साडेसहा हजाराचं. तुमचे किती होतील?"

पलीकडच्या बाईंनी श्वास रोखल्याचं तिला ऐकू आलं. "असल्या गोष्टी आम्ही फोनवर सांगत नसतो."

"मग कुठे सांगता?"

फोन बंद झाला. ग्लेंडाने त्या नावासमोर फुली मारली.

दुसरीकडे एक तरुण गोड आवाजात म्हणाला, "पासष्ट पौंड, मॅडम."

पासष्ट! म्हणजे पंच्याऐंशी उरणार. स्वयंपाकाची शेगडी, पडदे, कदाचित गालिचासुद्धा. ती आभार मानून फोन ठेवणारच होती. पण सहा वर्षं ती मटण तोलत होती. मंडईत नवं गिऱ्हाईक भाव ऐकून खूश होतं आणि घरी जाऊन पुडी उघडल्यावर अर्धा पौंड हाड मोजतं, हे ती रोज बघायची.

"हे हाडासकट की हाडाशिवाय?" ती म्हणाली.

"काय म्हणालात?"

"सगळं धरून किती? शेवटच्या पेनीपर्यंत. मी तुमच्या दारातून किल्ली घेऊन बाहेर पडेन तेव्हा माझ्या पाकिटातून एकूण किती गेलेले असतील?"

तरुण जरा अडखळला. मग एकेक बाहेर यायला लागलं. कर्जाचे कागद तपासायचे वेगळे, अडतीस. टपाल आणि फोन, बारा. सरकारी चौकशी आणि नोंदणी, सव्वीस. शिवाय त्यांच्या कामावर कर, नऊ पौंड वीस पेन्स. मधेच पिप पिप झालं, तिने घाईने दुसरं नाणं घातलं, मग तिसरं. कागदावर बेरीज केली आणि दोनदा तपासली.

एकशे पन्नास पौंड वीस पेन्स.

"वीस पेन्स जास्त झाले," ती म्हणाली.

"कशापेक्षा, मॅडम?"

"माझ्याकडे आहेत त्यापेक्षा."

डब्याबाहेर छत्री घेतलेला एक म्हातारा काचेवर टकटक करत होता. "बाई, संसार मांडलाय का आत?"

"अजून नाही, आजोबा. त्याचीच खटपट चाललीय!"

म्हातारा हसला आणि पाठ करून उभा राहिला.

सहावं नाव शेजारच्या गावातलं होतं. चपलांच्या दुकानाच्या वर कचेरी, मिस कर्शॉ. फोन तिने स्वतःच उचलला. घसा बसल्यासारखा आवाज, सिगारेटचा.

"पंच्याण्णव," ती म्हणाली.

पासष्टनंतर ते कानाला जड वाटलं. तरी ग्लेंडाने विचारलंच, "हाडासकट की हाडाशिवाय?"

मिस कर्शॉ मोठ्याने हसली. "माझे वडील खाटीक होते, बाई. सरकारी सव्वीस आणि माझ्यावरचा कर तेवढा वाढेल. एकशे अठ्ठावीस पौंड साठ पेन्स. हाड, दोरा आणि कागद, सगळं आलं."

"कर्जाचे कागद?"

"तेही मीच वाचणार, त्याच खुर्चीत बसून. दोनदा पैसे कशाला?"

"लिहून द्याल?"

"आजच टपालात टाकते."

ग्लेंडा डब्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. एकवीस पौंड चाळीस पेन्स उरत होते.

मिस कर्शॉचं पत्र गुरुवारी सकाळी आलं. पण त्याच दुपारी चारला सासूने एन्टविसलसाहेबांची वेळ घेऊन ठेवली होती.

"कारखान्यातून रॉयला सुटी मिळत नाहीये, तर आपण दोघी जाऊ," डोक्यावर रविवारची टोपी बसवत ती म्हणाली. "आणि एक सांगते. तिथे हाडांचं काही काढायचं नाही. मला त्या माणसाला तोंड दाखवायचंय."

"अहो, पत्र बघा तरी. लेखी आहे."

"चपलांच्या दुकानावरची बाई! उद्या तिने घर दुसऱ्याच्याच नावावर केलं म्हणजे?"

ग्लेंडाने पत्र पर्समध्ये घातलं आणि निघाली. शुक्रवारचे बारा वाजायला वीस तास होते. तिथे ती भांडली असती तर रॉयच्या घरात तिला कुणी सुखाने घास गिळू दिला नसता. गप्प बसली असती तर चौदा नंबर हातचं गेलं असतं.

एन्टविसलसाहेबांच्या दाराची पायरी अजून पांढरी होती. कुणी नवी बाई घासत असावी. सासूने खाली वाकून बघितलं. "कड सोडलीय," ती पुटपुटली आणि पायरीवर पाय न ठेवता ती ओलांडून आत गेली.

साहेब गुलाबी, गुबगुबीत, अतिशय सभ्य. त्यांनी सासूला हाताला धरून खुर्चीत बसवलं, गुडघ्यांची चौकशी केली, चहा मागवला. चौदा नंबरचं घर छान असल्याचं सांगितलं.

ग्लेंडाने मांडीवर पर्स घट्ट धरली. "साहेब, तुमचे सगळे मिळून किती होतील?"

सासूने टेबलाखालून तिच्या पोटरीला बूट लावला.

"वाजवी होतील," साहेब हसले.

"वाजवी म्हणजे किती?"

"काम बघून ठरतं, मिसेस हेस्केथ." मग ते सासूकडे वळले, तोच मायाळू चेहरा करून. "ते बघू हो सावकाश. आपल्यात काय एवढं, एथेल?"

सासूचा चहाचा कप तोंडापाशी थांबला.

ग्लेंडाला वाटलं, तिला गरम लागला असावा. पण सासू कपाकडे बघतच नव्हती. ती साहेबांकडे बघत होती, वर्षानुवर्षं एखाद्या भिंतीला टेकून बसावं आणि अचानक तिथली ओल दिसावी तशी.

"हेच म्हणाला होतात तुम्ही," ती हळू म्हणाली.

"कधी?"

"त्रेपन्न साली. मी आठवड्याला दोन शिलिंग वाढवून मागितले तेव्हा. बघू सावकाश, आपल्यात काय एवढं. मग एकसष्ट साली, हा जिना वाढला तेव्हा. मग माझे गुडघे गेले तेव्हा." तिने कप बशीत ठेवला. जराही आवाज झाला नाही. "तीस वर्षं बघतच होतात तुम्ही सावकाश."

साहेबांचा गुलाबी रंग गडद झाला. "एथेल, अहो..."

"पोरीने आकडा विचारलाय. आकडा सांगा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"साधारण एकशे ऐंशी. आसपास."

ग्लेंडाने तोंड उघडलं. पण सासूने हात वर करून तिला थांबवलं, टोपी सरळ केली आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"हाडासकट का?"

ग्लेंडाला पर्समध्ये तोंड घालून हसू दाबावं लागलं. साहेबांना काही कळलं नाही, आणि त्यांना समजावून सांगायला कुणी थांबलंही नाही. सासू उठली. दाराशी जाऊन वळली, "चहाबद्दल आभार. आणि त्या नव्या बाईला म्हणावं, पायरीची कड सोडू नकोस. पण आधी पगार विचार." या वेळी मात्र तिने पायरीवर बरोबर मधोमध पाय ठेवला.

रस्त्यावर आल्यावर तिने ग्लेंडाचा दंड पकडला. "चपलांचं दुकान किती वाजता बंद होतं?"

"साडेपाचला."

"मग पळ! ती बस बघ!"

दोघी पळाल्या. गेलेल्या गुडघ्यांनी सासू सुनेच्या पुढे पळाली आणि कंडक्टरला छत्री दाखवून तिने बस थांबवली.

शुक्रवारी बाराला पाच मिनिटं कमी असताना पतसंस्थेच्या साहेबाने मिस कर्शॉचं नाव लिहून घेतलं. नऊ आठवड्यांनी किल्ली मिळाली आणि बिल आलं, एकशे अठ्ठावीस पौंड साठ पेन्स. उरलेल्या पैशांत जुनी शेगडी आली आणि दाराला हिरवा रंग.

पहिल्या सकाळी ग्लेंडा दूध घ्यायला दार उघडते तो खाली सासू. गुडघ्यांखाली जुनी उशी, शेजारी बादली, हातात पांढरा दगड. चौदा नंबरची पायरी घासून झाली होती, कड आखायची चालली होती.

"आई, कशाला? मी केलं असतं ना."

शब्द तोंडातून गेल्यावर ग्लेंडाच्या लक्षात आलं. सासूच्याही आलं असावं, पण तिने मान वर केली नाही.

"तू मटण तोल," ती म्हणाली. "ही तुमची पायरी आहे. हिचे मी पैसे घेणार नाहीये." मग दगड बुडवून तिने रेघ टोकापर्यंत नेली, जराही न सोडता. "आणि आता मागच्या दाराने बाहेर ये. वाळायच्या आधी पाय ठेवलास तर बघ."