भाड्याचं पिस्तूल, नंबर सात

मी पिस्तूल बोलतेय. दचकू नका, आत गोळी नाही. बंदुकांच्या या दुकानात काम करणाऱ्या नडीनने सकाळीच दोनदा तपासून मला काचेच्या कपाटात ठेवलंय. माझ्या मुठीवर लाल चिकटपट्टी आहे आणि तिच्यावर आकडा आहे, सात. मी भाड्याची. अर्ध्या तासासाठी मला कुणीही न्यावं, मागच्या लांबलचक खोलीत कागदाच्या माणसावर गोळ्या झाडाव्यात आणि परत आणून द्यावं. नडीन मला 'म्हातारे' म्हणते, म्हणून मीही बाईमाणसासारखीच बोलते.

जन्म कारखान्यातला. नीटसं आठवत नाही. तेलाचा वास, पिवळे दिवे आणि चष्मा लावलेली एक बाई. तिने माझ्यावरून अंगठा फिरवला, मान हलवली आणि मला खोक्यात निजवलं. शेजारच्या खोक्यांत माझ्याचसारख्या बहिणी होत्या. मग खूप दिवस नुसता अंधार आणि ट्रकचा हिंदोळा. झाकण उघडलं तेव्हा समोर दुकानाचा मालक व्हर्जिल, त्याची पांढरी दाढी आणि त्याच्यामागे खिडकीत अमेरिकेतल्या केंटकीचे निळसर डोंगर. मला वाटलं, चला, आता कुणाच्या तरी घरी जायचं. पण व्हर्जिलने खिशातून लाल पट्टी काढली आणि म्हणाला, "ही भाड्याला राहू दे."

तेव्हापासून मी चवीची बरणी झाले. बोट घालून चव माझी बघायची आणि घरी न्यायची ती शेजारची बंद बरणी.

दुपारी ऊन काचेवर येतं. मागून बार ऐकू येतात, पण जाड भिंतीमुळे कुणीतरी लांब अंगणात गोधडी झटकतंय असं वाटतं. मला गुंगी येते. त्या गुंगीत मी घरं बघते. माझ्या बहिणींना नेणारे लोक गोळ्या घ्यायला परत येतात आणि नडीनशी गप्पा मारतात. त्या गप्पांमधून मी घरं बांधली आहेत. एका घरात चुलीवर घेवड्याचं कढण शिजतंय आणि मक्याची भाकरी फुगतेय. दुसऱ्यात कुणीतरी माझ्या बहिणीला कोटाखाली लावून रविवारी चर्चला चाललंय आणि ती तिथे त्याच्या कुशीला बसून अख्खी प्रार्थना ऐकतेय. मीही असते तिथे. ओढ्याकाठी, धान्याच्या दुकानात, पोराच्या बारशाला. मग कुणीतरी कपाटाला चावी लावतं आणि मी जागी होते.

माणसं मोठी गंमतशीर बघा. पिस्तूल निवडायला येतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात चोर असतो. अंधारी वाट, मागून पावलं, सगळं ठरलेलं. बसायचं कसं हा विचार कुणाच्याच डोक्यात नसतो. अहो, चोर आयुष्यात येईल न येईल, बसायचं तर दिवसातून पन्नासदा! म्हणून नडीनने दुकानात एक युक्ती केली आहे. जुन्या मोडक्या ट्रकमधलं पुढचं लांब बाकडं तिने व्हर्जिलकडून काढून आणवलं आणि गल्ल्याजवळ ठेवलं. गिऱ्हाइकाच्या कमरेला ती पिस्तुलाचं म्यान बांधते, त्यात निळं रबरी पिस्तूल खोचते आणि हुकूम सोडते, "बस. आता वाक. बुटाची नाडी बांध. गाडी वळवतोयस असं समजून मागे बघ."

मग लोक कळवळून ओरडतात. कुणाच्या बरगडीत घुसतं, कुणाचं पोट चिमटतं. "पट्टा जाड घे, विजार एक माप मोठी घे," नडीन सांगते, "नाहीतर हे पिस्तूल तुझ्या खणात झोपेल आणि तू बाहेर." इथल्या प्रत्येक घरात एक खण टाकून दिलेल्या म्यानांनी भरलेला असतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

एकदा ट्रॉय नावाचा एक आडदांड गडी बायकोला घेऊन आला. बायको ग्लेना, आजाऱ्यांच्या घरोघर जाऊन शुश्रूषा करणारी. डोंगरातले रस्ते, गाडीत ती एकटी. ट्रॉयने आल्याआल्या कपाटातलं सगळ्यात चिमुकलं, कागदासारखं हलकं रिव्हॉल्व्हर दाखवलं. "हे द्या. बाईच्या जातीला हेच बरं."

"मूर्ती लहान, पण कीर्ती महान आहे हो त्याची," नडीन म्हणाली. "जितकं हलकं तितका धक्का जोरात. आधी तूच झाड की पाच."

ट्रॉय हसत गेला. हात दाखवून अवलक्षण! परत आला तो पंजा झटकतच.

"काय रे, गार पाण्यात बुडवू का हात?" ग्लेनाने विचारलं.

"गप गं. सवय नाही म्हणून."

"मग मला कुठली सवय? मी काय माहेरी रोज बार उडवत होते?"

नडीनने ग्लेनाच्या हातात मला दिलं. ग्लेनाचा हात मला अजून आठवतो. उबदार, जरा खरखरीत. बोटं माझ्यावर इकडेतिकडे सरकली, आपापली जागा शोधत बसली, मग तिने श्वास सोडला. तिच्या बोटांत सांधेदुखी होती, पण माझा वरचा भाग तिला एका दमात मागे ओढता आला. "ही," ती म्हणाली, "ही माझ्याशी भांडत नाही." बाकड्यावर बसून, वाकून, वळून झाल्यावर तिने माझी एक बहीण नेली. त्या दिवशी मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू, दरवेळी वाटतो.

आता ज्यासाठी बोलायला बसले ते सांगते.

एप्रिलमधला मंगळवार होता. दुपारची वेळ, दुकानात कुणी नाही. एल्वुड आला. अठ्ठावीस वर्षं त्याने शाळेची बस चालवली. नडीनची दोन्ही पोरं त्याच्याच बसमधून शिकली. फेब्रुवारीत त्याची बायको ओपल गेली. सगळ्या गावाने महिनाभर डबे पोचवले, मग डबे थांबले. त्या दिवशी त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी गुळगुळीत केली होती.

"व्हर्जिल, एक पिस्तूल हवं होतं. स्वतःच्या रक्षणाला. दिवस बरे नाहीत."

"खरंय बाबा." व्हर्जिलने तीन नवी पिस्तुलं मऊ कापडावर मांडली. "रोज जवळ बाळगायचं ना? हे सपाट आहे, सदऱ्याखाली दिसत नाही. हे जरा जाड, पण हाताला गोड."

"कुठलंही चालेल."

मग त्याची नजर कपाटात गेली. माझ्यावर. "ती लाल पट्टीवाली?"

"ती भाड्याची रे. हजारो हातांतून गेलेली, झिजलेली."

"नवीन कशाला? हीच द्या मला."

काय सांगू तुम्हाला! इतकी वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते शब्द. एका क्षणात मी त्याच्या घरी पोचलेसुद्धा. स्वयंपाकघराची खिडकी, खुंटीवर कोट, त्याच्या कमरेला मी, आणि आम्ही दोघं टपाल आणायला फाटकापर्यंत चाललोय. व्हर्जिलही खूश झाला, मला काढायचंच होतं त्याला. "अर्ध्या किमतीत घेऊन जा, एल्वुड. आपल्या माणसाला काय!"

मी रिकामी आहे ना हे पुन्हा तपासून नडीनने मला त्याच्या हातात ठेवलं. आणि माझं स्वप्न तिथेच गोठलं.

तो हात मला धरतच नव्हता. कुणी 'जरा हे धर हं' म्हणून दिलेली पिशवी माणूस धरतो, तसा. एकही बोट सरकलं नाही, एकाही बोटाने जागा शोधली नाही. माझं वजन त्याने बघितलं नाही. इतक्या वर्षांत असा हात मला कधी लागला नव्हता. मी घाबरले. मला बोलता येत नाही याचं दुःख मला कधी झालं नव्हतं, ते त्या दिवशी झालं.

"कमरेला कुठल्या बाजूला लावणार?" नडीनने विचारलं.

"कुठल्याही."

"पट्टा कुठला आहे घरी?"

"असेल एखादा."

"गोळ्या?"

"थोड्याच. सगळ्यात छोटा डबा."

"जरा बाकड्यावर बस बघू."

"अगं नडीन, एल्वुड आहे तो!" व्हर्जिल वैतागला. "तीस वर्षांची ओळख. त्याला काय शाळा शिकवतेस? पावती कर आणि जाऊ दे."

आमच्या डोंगरात ओळखीच्या माणसाला प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटण्यासारखं. नडीनलाही ते माहीत होतं. तिचे कान लाल झाले. पण तिने मला उचललं, कपाटात ठेवलं, चावी फिरवली आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. "माझ्या पोरांना शाळेत यानेच सुखरूप पोचवलं," ती म्हणाली, "म्हणूनच विचारतेय. बस, एल्वुड."

तो बसला. ट्रकचं ते लांब बाकडं. एल्वुड अगदी ड्रायव्हरच्या जागी बसला, ट्रकचं दार असतं त्या टोकाला चिकटून, आणि शेजारी एका माणसाची जागा सोडली, ओपल बसायची ती. नकळत सोडली. नडीनने ते बघितलं. ती त्या जागेवर बसली नाही, पलीकडच्या टोकाला बसली. मधली जागा तिने तशीच राहू दिली.

"एल्वुड, सरळ विचारते. जीव द्यायचा विचार आहे का?"

गल्ल्यावर हिशेब लिहीत बसलेल्या व्हर्जिलची पेन्सिल थांबली.

एल्वुडने दोन्ही हात समोर धरले, नसलेल्या स्टिअरिंगच्या चाकावर. "भांडी घासून आलोय," तो म्हणाला. "मांजर शेजारी दिलं." मग हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला, "हो."

आणि मग तो रडला. मोठा माणूस रडतो तसा, आवाज दाबून, खांदे हलवत. नडीनने उपदेश केला नाही. देवाचं नाव घेतलं नाही, ओपलला काय वाटेल असंही म्हणाली नाही. मधल्या जागेवरून हात लांबवून त्याचं मनगट धरलं. "सांगितलंस ते फार बरं केलंस, राजा. आज तुला मी हे विकणार नाही. उद्याही नाही. रागावलास तरी चालेल. पण आज एकटा घरी जायचं नाही."

"कुणाला त्रास नको गं."

"त्रास? अठ्ठावीस वर्षं गावभरची कार्टी ओढलीस तेव्हा त्रास झाला नाही तुला? आता आमची पाळी."

तिने त्याच्या बहिणीला, फे तिचं नाव, फोन लावला. मग डॉक्टरांना. व्हर्जिल आपली टोपी दोन्ही हातांत चुरगाळत उभा होता. "मी मूर्ख आहे," तो म्हणाला. "अर्ध्या किमतीत देत होतो मी." मग घसा साफ करून पुढे आला. "घरी आणखी काय काय आहे, एल्वुड?"

"बाबांच्या दोन शिकारी बंदुका. माझी एक."

"चल, मी गाडी काढतो. माझ्या तिजोरीत ठेवू. तुझ्याच राहतील. तुला हव्या तेव्हा, तुझं मन थाऱ्यावर आलं की."

त्या संध्याकाळी तीन बंदुका दुकानात आल्या. रात्री आम्ही सगळ्या एकाच तिजोरीत असतो. त्यांतली थोरली, अक्रोडाच्या दस्त्याची, हळू आवाजात मला त्या घराबद्दल सांगते. ओपलच्या टोमॅटोच्या बरण्या, खिडकीतलं मांजर (ते परत आलं आहे, एल्वुडनेच नडीनला सांगितलं), पहाटे उठून कोरी कॉफी पिणारा एल्वुड. मी डोळे मिटून ऐकते. ज्या घरी जाण्यासाठी मी एका क्षणात वेडी झाले होते, ते घर. मी गेले असते तर ते आज बंद असतं. हे आठवलं की माझ्या पोलादाला थंडी वाजते.

लोकहो, तुम्ही पिस्तूल घ्याल न घ्याल, तो तुमचा प्रश्न. घेणार असाल तर नडीनसारख्या बाईकडे जा, बसून बघा, वाकून बघा, नवऱ्याचं ऐकू नका. पण तुमच्या ओळखीचा कुणी आला आणि प्रत्येक प्रश्नाला 'कुठलंही चालेल' म्हणू लागला, तर भिडेखातर गप्प बसू नका. विचारा त्याला. सरळ विचारा. विचारल्याने कुणी मरत नाही.

माझी नळी आता झिजली आहे. व्हर्जिल मला विकणार नाही म्हणतो, हिवाळ्यात मला मोडीत काढून माझे सुटे भाग दुसऱ्या पिस्तुलांना लावणार आहे. मला त्याचं वाईट वाटत नाही.

एल्वुड दर शनिवारी येतो. बहिणीने दिलेला गोड बिस्किटांचा डबा आणतो, नडीनबरोबर बाकड्यावर बसून कॉफी पितो. आता ती मध्ये बसते. परवा व्हर्जिलने विचारलं, "हरणांच्या शिकारीचा मोसम आलाय. नेतोस का तुझ्या बंदुका?"

एल्वुडने विचार केला. घाईने नाही, चांगला विचार केला. "अजून नको," तो म्हणाला. "राहू दे इथेच."

"राहू दे," व्हर्जिल म्हणाला. "जागा भरपूर आहे."

जाताना एल्वुड माझ्या कपाटापाशी थांबला. काचेवर बोट टेकवलं, अगदी माझ्यासमोर. "तुला मागायला नको होतं मी," तो हळूच म्हणाला. "माफ कर हं."

"कुणाशी बोलतोयस रे?" नडीनने विचारलं.

"कुणाशी नाही."

हजारो गिऱ्हाइकांनी मला धरलं, पण त्यांतला माझ्याशी बोलला तो एकटाच. आणि मला उत्तर देता आलं नाही, म्हणून ते इथे देते. एल्वुड, मी रागावले नाही. तू घरी जा, बाबा. मांजराला खायला घाल. आणि शनिवारी ये.