गुरुवारची सुट्टी

सदाशिवरावांनी लेकीची तिकिटं काढली ती बुधवारी यायची आणि शुक्रवारी परत जायची. चित्राताईंना हे कळलं तेव्हा लेक, जावई आणि नात बॅगांसकट दारात उभी होती, त्यामुळे त्यांना धड ओरडताही येईना. त्या चहा टाकायला आत गेल्या आणि या माणसापुढे आपण हात टेकले, असं शेगडीलाच सांगून मोकळ्या झाल्या.

चिडायला कारणही तसंच होतं. जावयाला, म्हणजे सलिलला, चाकणच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती आणि बंगळूर सोडून यायचं की नाही ते त्याने सोमवारपर्यंत कळवायचं होतं. लेक, सई, एका पायावर तयार होती. तिचं काम घरूनच चालायचं. इराला तर आजीच्या सोसायटीतली घसरगुंडी पुरे होती. घोडं अडलं होतं सलिलपाशी. पिंपरी-चिंचवडमध्ये माणसाने सुट्टीच्या दिवशी करायचं काय, मॉलच्या चकरा मारायच्या का, असं तो फोनवर म्हणाला आणि ते सदाशिवरावांना झोंबलं. उन्हाळ्यात या, आमचं शहर कसं गजबजतं ते दाखवतो, तिकिटंसुद्धा मीच काढतो, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. चित्राताई त्या दिवशी नवऱ्यावर खूश होत्या. नातीने शाळेतून थेट आपल्याकडे यावं, दूधपोळी खावी, गृहपाठ करताना कटकट करावी, एवढंच त्यांना आता हवं होतं. ते सगळं या तीन दिवसांवर अवलंबून होतं.

आणि या तीन दिवसांत शहरात होतं काय, तर ऊन. संत तुकाराम नगरच्या चौकात भला मोठा फलक लागला होता. त्यावर एका पुढाऱ्याचा हसरा चेहरा, खाली शुभेच्छुकांची फौज, आणि अगदी कोपऱ्यात मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत आंबा महोत्सवाची तारीख. शनिवार-रविवार. व्याख्यानमाला शनिवारपासून. बालनाट्यं तर त्याच्याही पुढच्या रविवारी. चित्राताईंनी नवऱ्याला त्या फलकाखाली नेऊन उभं केलं आणि सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. सगळ्या जगाची सुट्टी शनिवार-रविवारी असते, हे निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी तुमच्या डोक्यात कसं शिरत नाही, असं त्यांनी विचारलं.

"मी गुरुवार धरून चाललो," सदाशिवराव कसंनुसं हसत म्हणाले.

त्यांची सगळी हयात भोसरीच्या एमआयडीसीत गेली, आणि तिथे त्यांच्या कारखान्याला सुट्टी गुरुवारची. गुरुवारी लाईट जाते म्हणून कारखाना बंद, का कारखाना बंद म्हणून गुरुवारी लाईट काढतात, हा वाद पट्ट्यात अजून मिटलेला नाही. ते काही असो, सदाशिवरावांच्या अंगात तो वार भिनला होता. अजूनही बुधवारी संध्याकाळी ते उगाच शीळ घालत. गुरुवारी दुपारपर्यंत दाढी करत नसत. रविवारी मात्र सकाळी सहालाच आंघोळ करून, जणू पहिली शिफ्ट गाठायची आहे, असे दिवाणखान्यात येऊन बसत. सईने तिकिटांवरच्या तारखा पाहिल्या होत्या, पण बाबांनी ठरवलंय म्हणजे कार्यक्रमही तेव्हाच असतील, असं तिला वाटलं. बाप तसा, लेक तशी.

सलिलला रजा नव्हतीच. आल्या आल्या त्याने लॅपटॉप उघडला, झोपायच्या खोलीचं दार लावलं, आणि दाराआडून इंग्रजी ऐकू येऊ लागली. इराने दोनदा दार ठोठावलं, दोन्ही वेळा तिला बाहेर घालवलं गेलं. सदाशिवराव हॉलमध्ये फेऱ्या मारत होते. उद्या महाळुंग्याची यात्रा आहे, बैलगाड्यांच्या शर्यती आहेत, बबनरावाने बोलावलंय, असं ते दर फेरीला सांगत. जावई खोलीबाहेर येत नाही तर यात्रा कोणाला दाखवणार, तुमच्या बबनरावाच्या बैलांना का, असं शेवटी चित्राताईंनी विचारलं.

पण गुरुवार हा गुरुवारच. सकाळी दहाच्या सुमारास नेहमीप्रमाणे लाईट गेली. इन्व्हर्टरवर पंखा तेवढा फिरत राहिला, वायफाय मेलं, मोबाइलला रेंज मिळेना. सलिल घामाघूम होऊन बाहेर आला. आता संध्याकाळपर्यंत काही खरं नाही, असं सासऱ्यांनी त्याला इतक्या आनंदाने सांगितलं, की चित्राताईंना लाज वाटली. वैतागलेल्या जावयाने लॅपटॉप मिटला आणि सासऱ्यांच्या गाडीची किल्ली उचलली.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही. चाकणच्या चौकात कंटेनरमागे कंटेनर उभे होते. एसी हरला, इराला मळमळलं, सलिलने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. आता संपलं, हा माणूस सोमवारी नाहीच म्हणणार, असं चित्राताईंनी मनाशी धरलं. एक शर्यत म्हणून धड नशिबी नाही, असं त्या पुटपुटल्या आणि नवऱ्याकडे पाहायचंही त्यांनी टाळलं. सदाशिवराव मात्र खिडकीतून कारखान्यांच्या पाट्या वाचून दाखवत होते.

महाळुंग्यात पोहोचले तेव्हा शर्यती संपत आल्या होत्या. घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या चढाच्या, दोन्ही अंगांना माणसं चिकटून उभी होती, मागे कारखान्यांची पत्र्याची छपरं तापत होती, आणि कर्ण्यावरचा माणूस घसा बसला तरी बोलायचा थांबत नव्हता. सलिलने इराला खांद्यावर घेतलं. गाडा सुटला, बैल समोरून गेले, धुरळ्याचा लोट उठला, आणि काय झालं कळायच्या आत भंडारा उधळला गेला. इरा पिवळीधमक झाली. ती आनंदाने किंचाळत होती. आणि सलिल, दोन दिवस कोणाशी चार शब्द न बोललेला सलिल, अनोळखी माणसाच्या पाठीवर थाप मारून कोणाचा गाडा म्हणून विचारत होता. चित्राताईंनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी मिशीतल्या मिशीत हसून घेतलं.

यात्रेला आलेला माणूस जेवल्याशिवाय गावाबाहेर जात नाही. बबनराव म्हणजे सदाशिवरावांचा शेजारच्या मशीनवरचा जुना सोबती. त्याने सगळ्यांना घरी नेऊन पंगतीत बसवलं, आणि त्याची बायको कुसुमताई पुरणपोळ्या वाढू लागली. बोलता बोलता सलिलच्या कंपनीचा विषय निघाला. बबनरावाचा मुलगा बंटी तिथेच कामाला होता.

"कंपनी झ्याक हाय," बबनराव म्हणाला. "सुट्टी गुरुवारची. रविवारी समदीकडं गर्दी, आपल्याला गुरुवारी रान मोकळं."

सदाशिवरावांनी मांडीवर थाप मारली. जावई आपल्याच वळणावर जाणार, याचा त्यांना कोण आनंद झाला. सलिलही रंगात आला होता. चालेल की, दर गुरुवारी मी आणि बाबा कुठे ना कुठे जाऊ, असं तो म्हणाला. याचा अर्थ होकारच होता. सई खळखळून हसली.

"म्हणजे इराचं माझ्यासारखंच होणार," ती म्हणाली. "मी प्रत्येक सर्कस दोनदा बघितलीय. रविवारी आईबरोबर आणि गुरुवारी संध्याकाळी बाबांबरोबर."

सगळे हसले. चित्राताईंचा घास मात्र हातात राहिला. त्या शाळेत शिकवायच्या, त्यांची सुट्टी रविवारची. प्रदर्शनं, जत्रा, बालनाट्यं, सगळीकडे त्या सईचं बोट धरून एकट्या गेल्या होत्या. इतर पोरी बापाच्या खांद्यावर बसून बघायच्या, सईला पुढचं दिसत नसे, म्हणून त्या तिला कडेवर उचलून दंड भरून येईपर्यंत उभ्या राहत. रात्री जेवताना नवरा-बायको एकमेकांना आपापली सर्कस सांगत. तिघांचा एकत्र फोटो हवा तर कोणाच्या तरी लग्नाचा अल्बम काढावा लागे. तेव्हा त्यांना राग आला नव्हता, नोकरी म्हटलं की असंच असतं असं वाटलं होतं. राग आता आला, आणि तो किती जुना आहे ते कळून त्यांनाच धक्का बसला.

गप्प बसलं की काम होणार होतं. नात हाताशी येणार होती. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"सलिलराव, नोकरी जरूर घ्या," त्या म्हणाल्या. "पण आधी रविवारची सुट्टी मागून घ्या. देत नसतील तर येऊ नका."

  अगं, तूच तर या दिवसाची वाट बघत होतीस, असं सदाशिवराव कसंबसं म्हणाले. हो, मीच, असं चित्राताईंनी कबूल केलं.

"मग इतक्या वर्षांत मला कधी बोलली नाहीस ते?"

"बोलणार कधी? रविवारी तुम्ही कामावर, गुरुवारी मी शाळेत."

परतीच्या वाटेवरही कंटेनर तसेच उभे होते, पण गाडीत कोणी त्यांना शिव्या दिल्या नाहीत. शुक्रवारी सई, सलिल आणि इरा गेली. इराच्या केसांत अजून थोडा भंडारा होता, तो काढायला चित्राताईंना वेळच मिळाला नाही.

रविवारी सकाळी सदाशिवराव दिवाणखान्यात दिसले नाहीत. ते चक्क आठपर्यंत झोपले. संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहिले आणि आंबा महोत्सवाला चल म्हणाले. महोत्सव कसला, मंडप, धूळ आणि सत्कारांवर सत्कार. आंब्यापेक्षा नारळच जास्त दिसत होते. सदाशिवरावांनी भलत्याच स्टॉलवरून आंबट आमरस आणला आणि त्यावरून चित्राताईंनी त्यांना मंडपातच ऐकवलं.

तेवढ्यात सईचा फोन आला. गुरुवारची सुट्टी असलेली कंपनी रविवारी चालू, त्यामुळे उत्तरही रविवारीच आलं होतं. सुट्टी बदलता येणार नाही म्हणाले. सलिलने नाही कळवलं. आई, वाईट वाटलं का, असं सईने विचारलं.

"वाटलं. खूप वाटलं," चित्राताई म्हणाल्या. "तरी बरं केलंत."

फोन ठेवून त्या पदराने डोळे पुसू लागल्या. सदाशिवराव आमरसाची वाटी धरून शेजारी उभे होते. पुढच्या रविवारी काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"बालनाट्य. पण आपल्याकडे आता मूल कुठंय?"

"तरी जाऊ," सदाशिवराव म्हणाले आणि चष्मा लावून मंडपातल्या फलकावर वेळ कुठे लिहिलीय ते शोधायला लागले.