गार इंजिनाची पारख

जार्लथ गिलव्हॅरीला पुरलं त्याच दुपारी, हॅम सँडविचचं दुसरं ताट फिरत असताना, त्याच्या भावाने त्याचा ट्रॅक्टर विकून टाकला. नेमका कुठला, ते मात्र ठरलं नव्हतं. शेडमध्ये दोन ट्रॅक्टर होते. दोघांची कंपनी एक, मॉडेल एक, उडालेला निळा रंग एक, आणि मडगार्डांवरचा गंजही मोजून वाटून दिल्यासारखा सारखा. फरक एका वर्षाचा. घरात एकाला थोरला म्हणत, दुसऱ्याला धाकटा.

"मॅलकी, दोनांतला तुला पटेल तो ने," फेस्टस म्हणाला. तळहातावर थुंकून त्याने हात पुढे केला, मॅलकी रुएनने त्यावर टाळी दिली, आणि किंमतही तिथेच ठरली. जिचा नवरा गेला होता ती डेलिया त्या वेळी स्वयंपाकघरात चहाची तिसरी किटली भरत होती. तिला हे कळलं ते शेजारणीकडून. तोवर शंभर माणसांसमोर गिलव्हॅरींचा शब्द गेलेला. आमच्या मेयो परगण्यात पावसाने गवत गेलं तर माणूस पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो, दिलेला शब्द मोडला तर त्याच्या नातवालाही लोक ऐकवतात.

"मला विचारायचं तरी होतंस," पाहुणे गेल्यावर डेलिया म्हणाली.

"अगं, तुला दोन ट्रॅक्टर घेऊन करायचंय काय? एकावर बसणार आणि दुसऱ्यावर पाय ठेवणार?"

"एक मी ठेवणारेय. गुरं माझी आहेत, जमीन माझी आहे. मी चालवेन."

"चालव की. रविवारी चर्चमध्ये मिस्सेला जाताना." फेस्टसने उरलेला हॅम तोंडात टाकला. "हे बघ, तुझी लेक गोरेटी समुद्रापलीकडे कॉव्हेंट्रीत खोली तयार ठेवून बसलीय. जमीन मी कसतो, भाडं वेळेवर देतो. दुसऱ्या ट्रॅक्टरचंही मी बघतो. तू बाईमाणूस, हिवाळ्यात चिखलात कुठे मरायला जातेस?"

फेस्टसचा डोळा खालच्या कुरणावर वीस वर्षांपासून होता. भाऊ जिवंत असताना तो डोळा त्याने झाकून ठेवला, एवढीच काय ती त्याची माया. आणि गोरेटी बिचारी खरोखरच खोली रंगवून बसली होती. पण त्या खोलीच्या खिडकीतून दुसऱ्या घराची भिंत दिसते, हे डेलियाने दोनदा जाऊन पाहिलं होतं. भिंतीकडे बघत म्हातारं व्हायची तिची तयारी नव्हती.

आता खरी गोम सांगतो. ती सगळ्या पंचक्रोशीत फक्त डेलियाला ठाऊक होती. ते दोन ट्रॅक्टर सारखे नव्हतेच.

थोरला गुणी होता. धाकट्याची मागची, बोजा उचलायची लिफ्ट गेलेली होती. सकाळी तेल गार असलं की लिफ्ट पैलवानासारखी वजन उचलून धरायची. तासाभराने तेल तापून पातळ झालं, की मागचा बोजा हळूहळू, लाजत लाजत, जमिनीला टेकायचा. जार्लथने तो घेतला तेव्हा विकणाऱ्याला कसं लोळवलं याची कथा त्याने तीन पबांत सांगितली होती. आठवड्यात डेलिया त्याला म्हणाली, "अरे, याची लिफ्ट बसते." जार्लथ म्हणाला, "तेल बदलायला झालंय." त्यानंतर अकरा वर्षं तो तेलच बदलत होता. गरम झाला की धाकटा शेडमध्ये जायचा आणि थोरला बाहेर यायचा. गावाला वाटायचं, काय हा माणूस, दोन्ही यंत्रांना आळीपाळीने विश्रांती देतो! झाकली मूठ सव्वा लाखाची.

म्हणजे डेलियासमोरचा पेच सरळ होता. मॅलकीने धाकटा नेला तर ती इथे राहणार. थोरला नेला तर जानेवारी उजाडायच्या आत गुरांना चारा टाकायला कुणाला तरी बोलवावं लागणार, तो कुणीतरी फेस्टस असणार, आणि पुढे कॉव्हेंट्री.

नुसतं गप्प बसलं असतं तरी निम्मी संधी तिला होती. पण गप्प बसणं तिला जमत नसे. खोटं बोलायचं नुसतं मनात आलं तरी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत. लग्नाआधी तिची आई पाळ्या बघूनच चौकशी संपवत असे. शिवाय मॅलकी मिस्सेला तिच्या पुढच्याच बाकावर बसायचा. दर रविवारी त्याच्या मानेकडे बघत प्रार्थना म्हणायची, आणि ती मान आपण फसवलेली, हे कसं सोसायचं? शेवटी तिने ठरवलं, खरं ते सांगायचं. थोरला जायचा तर जाऊ दे. ठरवलं आणि भांडी घासता घासता रडली. रडून झाल्यावर तिला जार्लथचा भयंकर राग आला.

मॅलकी शनिवारी अकराला येणार होता. म्हणजे नऊलाच येणार, हे सगळ्यांना माहीत. मॅलकी रुएन हा आमच्याकडचा ट्रॅक्टरांचा न्यायाधीश. कुणीही जुना ट्रॅक्टर घ्यायला निघाला की आधी मॅलकीला गाडीत घालायचा. त्याचा एक सिद्धान्त होता आणि तो त्याने इतक्या वेळा ऐकवला होता की पोरांना पाठ झाला होता: सांगितलेल्या वेळेआधी जायचं, आणि तोंड उघडायच्या आधी बोनेटला हात लावायचा. इंजिन गार असेल तर मालक खरा. गरम असेल तर त्याने आधीच सुरू करून ठेवलंय, म्हणजे काहीतरी लपवायचंय. "गरम इंजिन सगळ्यांशीच गोड बोलतं," तो म्हणे.

नऊला तो आला. सोबत फेस्टस, अर्थात.

"कामावर देवाची कृपा असो," अंगणात शिरताना मॅलकी म्हणाला.

"तुझ्यावरही असो," डेलिया म्हणाली. ती नुकतीच थोरल्यावरून उतरली होती. गुरांना गवताचे गठ्ठे टाकून झाले होते. बुटांना पोटरीपर्यंत चिखल होता.

मॅलकी सरळ शेडमध्ये गेला. त्याने हातमोजा काढला, थोरल्याच्या बोनेटवर तळहात ठेवला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. मग धाकट्याच्या बोनेटवर ठेवला. तिथे हात त्याने बराच वेळ ठेवला, वैद्याने नाडी धरावी तसा.

"हा गरम आहे," तो थोरल्याकडे न बघता म्हणाला.

"असणारच. सकाळपासून मी त्याच्यावर काम करतेय."

मॅलकीने फेस्टसकडे पाहिलं. फेस्टस खोकल्यासारखं हसला.

"तू काम करतेयस," मॅलकी म्हणाला. "बरं."

"मॅलकी, ऐक. आधीच सांगते म्हणजे पुढे बोल नको. हा थोरला चांगला आहे. याच्यात काहीही वाईट नाही. त्या धाकट्याची लिफ्ट बसते. तेल तापलं की बोजा खाली येतो."

मॅलकीने चाळीस वर्षांत शेकडो विकणाऱ्यांचं ऐकलं होतं. आपल्या मालाची खोड स्वतःहून सांगणारा त्याला आजवर भेटला नव्हता. आमच्याकडे रीतच आहे: घेणाऱ्याने नावं ठेवायची, विकणाऱ्याने छातीवर हात मारून रागवायचं, आणि मग मधे कुठेतरी भेटायचं. इथे विकणारीच नावं ठेवत होती. आता याने करायचं काय?

मॅलकीने डोकं चालवलं. तेवढंच त्याने करायला नको होतं.

"असं का," तो गोड आवाजात म्हणाला. "मग बघू या की."

त्याने धाकट्याला सेल मारला. पहिल्याच झटक्याला तो सुरू झाला. लिफ्टला अडकवलेल्या मागच्या लोखंडी खोक्यात फेस्टसने आणि त्याने चौथऱ्याचे मोठे दगड टाकले, लिफ्ट वर घेतली. दगड वर गेले आणि तिथेच राहिले. मॅलकीने पाइप भरला, पेटवला, ओढला. दगड जागचे हलले नाहीत.

"बसतेय का रे फेस्टस?"

"माझ्या डोळ्यांना तरी दिसत नाही बुवा."

"आत्ता नाही बसणार," डेलिया कळवळून म्हणाली. तिला वाटलं, हा माणूस डोळ्यांदेखत खड्ड्यात चाललाय. "तेल गार आहे. तासभर चालव, कुरणात दोन फेऱ्या मार, आणि मग बघ. मी चहा टाकते तोवर."

"तासभर." मॅलकीने पाइप तोंडातून काढला. "म्हणजे तापवून बघू म्हणतेस. अगं डेलिया, मी काय काल जन्मलो?"

मग तो थोरल्याकडे वळला आणि त्याने त्याची जी चिरफाड केली ती बघवत नव्हती. सीटला नवं कापड का शिवलंय? (डेलियाची कंबर दुखते म्हणून.) चाकाच्या नटांना ताजं ग्रीस का आहे? सायलेन्सर अजून गरम, वा! प्रत्येक ठिकाणी त्याला माणसाचा हात लागलेला दिसला, आणि ज्याला माणसाचा हात लागलाय त्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्याच्या धंद्याचं मूळ. धाकट्यावर मात्र धूळ होती. धूळ खोटं बोलत नाही.

अंगणात येऊन त्याने डेलियाला बाजूला घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच माया होती.

"बाई गं, जार्लथ गेला, तुला कुणी शिकवलं नाही, म्हणून सांगतो. ज्याच्यावर आपला जीव असतो ना, त्याची एवढी निंदा करू नये. कळतं."

"मॅलकी, देवाशपथ, त्याची लिफ्ट बसते."

"तिसऱ्यांदा सांगितलंस." त्याने डोळा मारला. "धाकटाच नेतो."

डेलियाने कानाच्या पाळीला हात लावून पाहिला. पाळी गार होती. एक शब्द खोटा नव्हता. आता आणखी कितीदा सांगायचं? आणि सांगितलं तर तो धाकट्याच्या आणखीच प्रेमात पडेल, हे तिला दिसत होतं. विकणाऱ्याने शकुनाचे म्हणून किमतीतले थोडे पैसे परत द्यायचे असतात. तिने मनाला टोचलं म्हणून रिवाजापेक्षा बरंच जास्त परत केलं. मॅलकीने तेही हरलेल्या बाईची शरणागती समजून खिशात घातलं. धाकट्यावर बसून तो फाटकाबाहेर पडला. दगड काढलेला खोका मागे वर धरलेला होता, निशाणासारखा.

त्या संध्याकाळी पबमध्ये कथा झाली. विधवेने कशी भंगार गळ्यात मारायची खटपट केली, आणि गार इंजिनाने तिचा डाव कसा उघडा पाडला. लोक हसले. सगळ्यात कमी फेस्टस हसला. राहिलेल्या ट्रॅक्टरचं 'बघायला' तो सोमवारी जाणार होता. पण राहिलेला जर भंगार असेल, तर त्याचं काय बघायचं? तो सोमवारी गेलाच नाही. बाई स्वतःच्याच लबाडीने बुडाली, आता ट्रॅक्टर बंद पडला की हात जोडत येईल, असा त्याने हिशेब केला आणि वाट बघत बसला.

डेलिया रोज सकाळी थोरल्यावर चढत होती. नाताळ झाला. पाऊस झाला, बर्फ पडलं, पुन्हा पाऊस झाला. थोरला एकदाही बंद पडला नाही. पडला नाही तशी गावाची चर्चा बदलली. कुणीतरी म्हणालं, बाईने मॅलकीला उलटं फिरवलं. कुणी म्हणालं, तीन परगण्यांत अशी बेरकी बाई नाही. मिस्सेनंतर पुरुष तिला पाहून टोपी काढत बाजूला होऊ लागले. उभ्या आयुष्यात खरं बोलण्याबद्दल तिला कुणी मान दिला नव्हता. आता लबाडीबद्दल मिळत होता, आणि तोही न केलेल्या. कॉव्हेंट्रीचं नाव कुणी काढेना. तिने गोरेटीला फोन करून सांगितलं, त्या खोलीत तुझं शिवणयंत्र ठेव.

मॅलकी मात्र तक्रारीचा चकार शब्द काढत नव्हता. धाकटा कसा आहे, विचारलं की म्हणायचा, "सोनं आहे." पदरी पडलं, पवित्र झालं. पण धाकटा दिवसातून एकच तास काम करतो, तेही सकाळी, हे हळूहळू लोकांच्या ध्यानात यायला लागलं होतं.

फेब्रुवारीत, एका ओल्या सकाळी तो डेलियाच्या अंगणात चालत आला. येताना त्याने कामावर देवाची कृपा मागितली, पावसाला शिव्या घातल्या, गुरांची चौकशी केली. मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "एक दिवस थोरला देशील का? वरच्या रानात गठ्ठे न्यायचेत. माझा जरा... तेल बदलायला काढलाय."

डेलियाने हातातली बादली खाली ठेवली. तेच शब्द, तोच सूर, नजरही तशीच बुटांकडे लागलेली. क्षणभर तिला वाटलं, जार्लथच उभा आहे. तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. चार महिन्यांनी पहिल्यांदा तिला त्या माणसाची रागाशिवाय आठवण आली.

"देते," ती म्हणाली. "पण चालवणार मी. तू मागे उभा राहा, गठ्ठे उतरव."

मॅलकी मागच्या खोक्यात चढला. लिफ्ट वर झाली आणि त्याला घेऊन तशीच वर राहिली. ते रस्त्याला लागले. फेस्टस त्याच्या फाटकात उभा होता. डेलियाने त्याला हात केला.

चढाच्या पायथ्याशी मॅलकी पुढे वाकून तिच्या कानाशी ओरडला, "तुला ठाऊक होतं ना सगळं?"

"तीनदा सांगितलं तुला!"

"सांगितलंस गं! पण विकताना खरं सांगायचं, ही काय रीत झाली? माणसाने ओळखायचं कसं?" मग तो म्हणाला, "जार्लथलाही कधी कळलं नाही वाटतं."

"त्यालाही मीच सांगितलं होतं," डेलिया म्हणाली, आणि चढासाठी तिने खालचा गिअर टाकला.