नवमीची पट्टी

अहवालाचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता: ‘डिझाइन विभागाने दिलेली मापे चाचणीअंती अचूक ठरली होती, वीजपेट्या आखूड भरल्या त्या पत्रा वाकवणाऱ्या मशीनचा ऑपरेटर गुरुशांत याच्या निष्काळजीपणामुळे.’ अहवालाचे लेखक डिझाइनप्रमुख सुबोध हेच होते. दोषी कोण हे ठरवण्याचे काम स्वतःकडे असले की निष्कर्ष असे निःसंदिग्ध निघतात.

चिंचोळीतल्या त्या कारखान्याचे मालक शिवराज यांच्यासमोर गुरुशांतला कामावरून काढण्याचा आदेश सहीसाठी ठेवला होता. शेजारी वीजपेटी, तिचे दार चौकटीबाहेर आलेले. तपासणी विभागाच्या सिद्धेश्वरीने कोपऱ्याला गुण्या लावला. काटकोन चोख होता. सगळ्याच पेट्यांचा चोख होता, आणि सगळ्या सारख्याच आखूड होत्या. निष्काळजीपणा इतका शिस्तबद्ध नसतो, एवढेच ती म्हणाली.

सुबोध हसले. मशीनवरच्या खाचेच्या साच्यात, म्हणजे डायवर, वाकताना पत्रा किती ताणतो याचा आकडा संगणकात भरावा लागतो. तो काढण्यासाठी आपण खंडेनवमीच्या सुट्टीतही येऊन चाचणीची पट्टी स्वतः वाकवली, हे त्यांनी पुन्हा ऐकवले. मग गुरुशांतकडे वळले.

“तुम्हाला हत्यारांना हळदकुंकू वाहायला वेळ असतो. माप बघायला नसतो.”

“नकाशात लिवलेलीच डाय लावली की, साहेब,” गुरुशांत म्हणाला. “ती नवमीला पूजेत मांडलेली. दसऱ्याला पूजा उतरल्यावर मीच उचलली. तवर कुनी हात लावला न्हाय.”

सिद्धेश्वरीने चाचणीची पट्टी मागवली आणि पेटीच्या कोपऱ्याशी धरली. पेटीचे वळण धारदार होते, पट्टीचे गोलसर. डायची खाच रुंद असली की वळण गोलसर येते आणि त्याला कमी पत्रा लागतो. पेट्यांचा पत्रा त्या गोलाईच्या हिशेबाने कापला होता. वाकवला होता मात्र नकाशातल्या अरुंद डायवर, म्हणून पेट्या आखूड.

“नवमीला ती डाय झेंडूखाली होती,” ती म्हणाली. “मग ही पट्टी कशावर वाकवलीत, सर?”

शिवराज यांनी पेनाला टोपण लावले. सुबोध यांनी तिच्या हातातून पट्टी घेतली. मग जे बोलले, ते शब्दशः असे:

“मशीनवर रुंद डाय बसवलेली होती, तिच्यावरच वाकवली. कुठल्या डायवर वाकवली ते कुणाला कळलं नसतं. पूजा हलवली असती तर कळलं असतं. पहिली पेटी आखूड आली तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. अहवाल मी त्यानंतर लिहिला.”