टॅक्सीच्या लाल दिव्यातला जिन

सत्तात शहरातल्या भाजीबाजारामागच्या गल्लीत त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पावाच्या भट्टीवर निघालेल्या बायका कणकेच्या पराती डोक्यावर घेऊन तशाच थबकल्या होत्या. न्हावी अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक सोबत घेऊन आला होता. आणि बघायचं काय, तर मिलूदची पांढरी टॅक्सी! गाडी बंद, किल्ली मिलूदच्या खिशात, आत चिटपाखरू नाही, आणि मागचे ब्रेकचे दिवे लालभडक पेटलेले.

चार दिवस हाच तमाशा. रोज सकाळी बॅटरी ठार, चार्ज करून बसवली की दिवे पुन्हा पेटलेले. शेवटी मिलूदने घरच्या घरी, दारातच आडवा पडून, मान मोडेपर्यंत खटपट करून ब्रेकच्या दिव्याचा स्विच बदलला. नवा कोरा स्विच, तरी दिवे जसेच्या तसे. झालं! नव्या स्विचलाही जुमानत नाही म्हणजे जिनच, असा गल्लीने निकाल देऊन टाकला.

मग मिलूदच्या आईने, लल्ला हनियाने, ताईत-गंडेवाल्या फकीह अय्यादला बोलावलं. पांढराशुभ्र झगा, हातात धुपाटणं, चाल अशी की जणू सगळे जिन याच्याच घरी पाणी भरतात. त्याने ड्रायव्हरच्या पायाखालचे पिवळे कण चिमटीत उचलले आणि डोळे फिरवले.

"मेलेल्या माणसाचा दात! कुटून टाकलाय. डोंगराकडून आलेल्या बाईचं काम. हातावरची मेंदीसुद्धा अजून उतरलेली नाही."

सगळ्या नजरा मिलूदच्या बायकोकडे, इत्तोकडे वळल्या. अझरूच्या डोंगरातून लग्न होऊन आली त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

"मला मेलीला पहिल्या दिवसापासून शंका होतीच," लल्ला हनिया कडाडली. "मिलूद, शुक्रवारच्या बसने हिला माहेरी पोचव."

मिलूद बुटांकडे बघत राहिला. इत्तोला माहेर आठवलं. चेटकीण म्हणून परत गेलेल्या मुलीच्या घरी कोण सोयरीक घेऊन येणार? धाकटी बहीण जन्मभर बापाच्या दारात बसेल. आणि हा नवरा, एक शब्द बोलत नाही! त्याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

"एक नाणं द्या," फकीह म्हणाला. "धातूला जिन टरकतो." तो गाडीत वाकला, स्टिअरिंगखाली डोकं घालून "हुम्म बर्कूम शर्कूम" पुटपुटला आणि दिवे फट्कन विझले! बायांनी किंकाळ्या फोडल्या. त्याने हात बाहेर काढला, दिवे पुन्हा पेटले.

"बघितलंत? ही बाई घरात आहे तोवर तो येतच राहणार."

इत्तोचे डोळे भरले होते, पण नजर त्याच्या हातावरून हलली नव्हती. या माणसाने चाचपडलं कसं नाही? हात सरळ जागेवर गेला. मंत्र संपायच्या आधीच दिवे विझले. आणि नाणं मुठीत कशाला लपवतोय?

ती पुढे झाली. "फकीहसाहेब, मीही पढून बघते."

"तू? जिन जीभ उपटेल तुझी!"

"उपटू दे की. तुमचंच काम हलकं होईल."

गर्दीत हसू फुटलं. फकीहची मूठ काही उघडेना, तेव्हा न्हाव्याने खिशातलं नाणं दिलं. इत्तो वाकली, ब्रेक पेडलच्या पट्टीवरून बोट फिरवलं, तिला हवं ते सापडलं, आणि गंभीर आवाजात ती पढू लागली, "रात्री चणे भिजवा... मसूर धुवा... टोमॅटो किसून घाला... कोथिंबीर सढळ हाताने..."

दिवे विझले.

"आमीन!" मागून एक म्हातारा म्हणाला.

"आजोबा, हे हरीरा सूप होतं," इत्तो बाहेर येऊन म्हणाली. गल्ली खदाखदा हसली.

"माझ्या बाबांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. फ्रिजचं दार लागलं की आतलं बटण दाबलं जातं, दिवा विझतो. दार उघडलं की बटण सुटतं, दिवा लागतो. हेही तसंच आहे. ब्रेकच्या पट्टीला भोक आहे, त्यात प्लास्टिकची चकती असते. पाय काढला की ती चकती स्विचची दांडी दाबून धरते. उन्हाने चकतीचा भुगा झाला, तोच हा मेलेल्याचा दात! आता दांडी भोकातून आरपार जाते आणि स्विचला वाटतं, ब्रेक दाबलेलाच आहे. मग स्विच एक बदला नाहीतर दहा. याने भोकावर नाणं धरलं, मीही तेच केलं."

तिने मिलूदच्या अवजारांच्या डब्यातला एक बोल्ट त्या भोकात बसवून नटने आवळला. दिवे गेले. ब्रेक दाबला, लागले. सोडला, गेले.

"फकीहसाहेब, आधी कुठल्या गॅरेजात होतात हो?" न्हाव्याने विचारलं. पण फकीह धुपाटणं टाकून कोपऱ्यापर्यंत पोचलाही होता.

मिलूदचा चेहरा उजळला. "चल इत्तो, आत चल, चहा टाक."

इत्तो हलली नाही, सासूकडे बघून म्हणाली, "चार लोकांत माझ्यावर आळ घेतलात. चार लोकांतच मागे घ्या."

लल्ला हनियाने पदराने तोंड पुसलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "ऐका गं बायांनो. माझ्या सुनेने काही केलेलं नाही. मीच मूर्ख."

"आणि मी भित्रा," मिलूद म्हणाला.

इत्तोने मान हलवली आणि सगळ्यांकडे वळली. "एखादी गोष्ट कळली नाही तर कळली नाही म्हणा. त्यात लाज कसली? वाकून बघा, विचारा, खोलून बघा. पण कळली नाही म्हणून कुणाच्या लेकीला घराबाहेर काढू नका."