हात न काढता

फाडायची खाच कुठे आहे तेच ओल्या हातमोज्यातल्या बोटांना कळेना — साबणाच्या वडीएवढं पाकीट, आतली हवा काढून दगडासारखं घट्ट केलेलं, सारखं निसटत होतं. मेरेआनाने हातमोजे मुद्दाम बादलीत बुडवून घेतले होते. डोंगरात हात कोरडे असतात कुणाचे? शेवटी तिने पाकीट दातांनीच फाडलं.

टेबलावर जखमेवर बांधायच्या तीन तऱ्हेच्या दाबपट्ट्या होत्या. एकीला प्लॅस्टिकचा आकडा — त्यात पट्टी अडकवून उलट ओढली की जखमेवर जोर येतो. दुसरी साधी, जाड गादी आणि लांब ताणपट्टी. तिसरीची गुंडाळी जागोजागी चिकटवलेली, म्हणजे हातातून सुटली तरी सगळी उलगडत नाही. सोमवारी टोळी नव्या उतारावर पाइन तोडायला चढणार होती आणि बारा माणसांच्या कमरेला प्रथमोपचाराच्या बारा पिशव्या हव्या होत्या. अकरा वर्षं टोळीचं सामान तीच बघत होती — इंधन, साखळ्या, दोर, जेवण — आणि कशालाही तिला कधी तासाच्या वर वेळ लागला नव्हता. या पट्ट्या मात्र परवापासून टेबलावर पडून होत्या. ती उठायची, चहा ठेवायची, तो न पिताच परत येऊन बसायची...

आकडा चांगला. पण घाबरलेल्या माणसाला उलट ओढायचं आठवेल? मला आठवलं असतं? माझ्याजवळ तेव्हा काय होतं — डब्यातली जुनी क्रेपची गुंडाळी, तीही हातातून सुटून उतारावरून चिखलात घरंगळत गेली, आणि मग गळ्यातला स्कार्फ. रावीरी, तिच्या बहिणीचा मुलगा, ओंडक्याला टेकून बसला होता; करवत उसळून जांघेत लागली होती, इतकी वर की रक्त रोखणारा आवळपट्टा बांधायला जागाच नव्हती. नुसतं दाबायचं. हेलिकॉप्टर येईपर्यंत दाबायचं, बस्स. ती दाबत होती, आणि तो म्हणाला, “मावशी, थांबलं का गं?” — आणि तिने बघायला हात उचलला. एकदा. मग पुन्हा एकदा.

मराएवर, वस्तीच्या सभागृहात, तीन दिवस सगळे त्याच्या शवापाशी बसले होते, तेव्हा हुइयाने, तिच्या बहिणीने, हळूच विचारलं होतं, “तू हात काढला नव्हतास ना?”

“क्षणभरही नाही.”

दोन वर्षं झाली त्याला.

दार ढकलून तामाती आत आला. टोळीतला सगळ्यात जुना तोडणारा, पट्ट्या वापरून बघायला तिनेच त्याला बोलावलं होतं. बादली बघून तो म्हणाला, “हे काय आंटी, आज हातमोज्यांचं सूप?”

“घाल ते. आणि एका हाताने स्वतःच्या मांडीवर बांधून दाखव.”

तो कुरकुरत बसला. साधी पट्टी पहिल्याच झटक्याला सुटून फ्रिजखाली गेली. आकड्याची त्याने उलटी लावली, शिवी हासडली, पुन्हा लावली. तिसरी गुडघ्यावरून पडली, पण दोन वेढ्यांपुरतीच उलगडली. त्याने ती उचलली, मांडीवर गुंडाळली आणि टोक खोचलं.

“ही,” तो म्हणाला. “हिला अक्कल लागत नाही. आपल्या पोरांना परवडेल.”

ती हसली नाही. “रक्त थांबलं का ते बघायला हात काढशील?”

“काढेन की. सगळेच काढतात.” तो मांडीवरचा घट्टपणा चाचपत होता. “तूही काढलास ना तेव्हा. मी वायरलेस धरून समोरच उभा होतो.”

तिने टेबलाची कड धरली.

“तू बोलला नाहीस कधी.”

“काय बोलायचं? मांस पार फाटलं होतं, आंटी. मी दाबलं असतं तरी मीही बघितलंच असतं.” त्याने पट्टी सोडायला घेतली. “हुइयाला तू जे सांगितलंस तेही ऐकलं मी. ते तुमचं तुमच्यात.”

तो गेला तेव्हा अकरा वाजले होते. मागणीच्या यादीत तिसऱ्या पट्टीच्या नावापुढे तिने बारा लिहिले आणि मग, का कोण जाणे, खोडून चोवीस केले — एक जखमीसाठी आणि एक... बघणाऱ्यासाठी. कुणी हात उचललाच तर लगेच वर दुसरी चढवता यावी.

आता हलकं वाटायला हवं होतं. दर रविवारी तामाती याच टेबलावर जेवत होता, रताळी दोनदा मागून घेत होता, आणि त्याला माहीत होतं. म्हणजे दोन वर्षं ती ज्याला भीत होती ते कधीच घडून गेलेलं होतं — ती पकडली गेली होती आणि काहीच झालं नव्हतं. मग हलकं का वाटत नाहीये? मला वाटायचं, कुणाला कळलं तर मी संपेन. कळलं. मी इथेच आहे, खुर्चीत, समोर ओले हातमोजे... आणि आता लपवायला काही उरलेलं नाही, फक्त हुइयाला सांगायचं उरलंय. आणि हे त्याहून कितीतरी कठीण असेल हे तिच्या आत्ता कुठे लक्षात येत होतं.